नकाशातलं उपग्रहचित्र ‘लाइव्ह’ नसतं

‘मोबाइलच्या नकाशात सॅटेलाइट व्ह्यू लावा, तुमचं घर या क्षणी वरून कसं दिसतंय ते बघा!’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. चित्र इतकं स्पष्ट असतं, की तसं वाटणं साहजिकच आहे.

पडताळणी सोपी. रात्री दहा वाजता तोच व्ह्यू उघडा, लख्ख ऊन दिसेल. ऐन जुलैत पुणं पाहा: डोक्यावर ढगच ढग, नकाशात बहुतेक सगळं निरभ्र. कारण हे स्वच्छ दिवसांतले निवडक फोटो एकमेकांना जोडलेले असतात. काही महिन्यांपूर्वीचे, तर काही वर्षांपूर्वीचे. नीट पाहिलं तर सांधाही सापडतो: एकाच टेकडीची एक बाजू हिरवीगार, दुसरी वाळकी. लँडसॅटसारखा उपग्रह तर त्याच जागेवर 16 दिवसांनी परततो, आणि त्याच्या चित्रातला एक ठिपका 30 मीटरचा. त्यात माणूस काय, गाडीही दिसायची नाही.

तारीख बघायची असेल तर संगणकावर गूगल अर्थ उघडा आणि जुनी चित्रं लावा. नवी मुंबई विमानतळासाठी कापलेली उलव्याची टेकडी तिथे टप्प्याटप्प्याने सपाट होताना दिसते. माझ्या मते ‘लाइव्ह’पेक्षा हेच जास्त कामाचं.

फक्त ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून काढलेल्या नकाशावरच्या तारखेला फसू नका. ती इमारत बांधल्याची नव्हे, कुणीतरी ती नकाशात काढल्याची किंवा तिची नोंद बदलल्याची असते. शंभर वर्षांचा वाडाही तिथे गेल्या वर्षीचा दिसू शकतो.