जेरुसलेम : पन्नास शेकेलचं खळं आणि तीन धर्म

जेरुसलेमला नदी नाही, बंदर नाही. समुद्रापासून पन्नासेक किलोमीटर आत, यहूदियाच्या डोंगरांत साडेसातशे मीटरांवर वसलेलं हे गाव जुन्या मोठ्या व्यापारी वाटांपासूनही जरा बाजूलाच होतं. पाण्याचा आधार एकच, गिहोन नावाचा झरा. इ.स.पू. चौदाव्या शतकात तिथल्या कनानी राजाने इजिप्तच्या फारोला मातीच्या पाट्यांवर लिहिलेली पत्रं सापडली आहेत, त्यांत गावाचं नाव ‘उरुसलिम’ असं येतं. म्हणजे आज ज्यांचं भांडण आहे त्यांतलं कुणीही यायच्या आधीपासून गाव होतं आणि जवळपास त्याच नावाने होतं.

‘ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही धर्मांना पवित्र शहर’ हे वाक्य बातम्यांत इतक्या वेळा येतं की आपल्या डोळ्यांसमोर शेजारी शेजारी उभी असलेली तीन देवस्थानं येतात. प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं आहे. इथे प्रत्येक नंतरच्या धर्माने आधीच्याचं पावित्र्य मान्य केलं आणि त्यावरच आपला मजला चढवला. खालचा मजला काढला तर वरचाही राहत नाही.

सुरुवात एका खळ्यापासून होते. बायबलमधली कथा अशी : ज्यूंच्या दावीद राजाच्या राज्यात मरी पसरली आणि अरवना नावाच्या यबूसी (तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एका) माणसाच्या खळ्यापाशी येऊन ती थांबली. दावीदाला तिथे वेदी बांधायची होती. अरवना जागा, बैल, मळणीची अवजारं, सगळं तसंच द्यायला तयार होता. दावीद म्हणाला, फुकटचं मी देवाला वाहणार नाही, आणि चांदीचे 50 शेकेल (तेव्हाचं चांदी तोलायचं माप) मोजले. खळं उंचावरच असणार, मळणीला वारा हवा. त्या उंचवट्यावर दावीदाचा मुलगा शलमोन याने मंदिर बांधलं. अब्राहाम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघाला तो मोरिया डोंगरही हाच, अशी जोड बायबलमध्येच पुढे मिळते. यातलं किती घडलं यावर पुरातत्त्वज्ञांचे वाद आहेत. पण श्रद्धेचा हिशेब या खळ्यापासूनच मांडला जातो.

इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाने मंदिर जाळलं आणि लोकांना कैद करून नेलं. मला वाटतं, जेरुसलेमचं माहात्म्य मंदिर उभं असताना जेवढं वाढलं त्याहून जास्त ते पडल्यावर वाढलं. ‘हे यरुशलेमे, मी तुला विसरलो तर माझा उजवा हात आपलं कौशल्य विसरो’ अशा अर्थाचं स्तोत्र बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्यांच्या तोंडी आहे. पुढे इराणच्या कोरेश राजाने परतायची मुभा दिली, दुसरं मंदिर उभं राहिलं, हेरोद राजाने भोवती प्रचंड भिंती बांधून डोंगरमाथ्याचं सपाट पटांगण केलं. इ.स. 70 मध्ये रोमन सेनापती टायटसने तेही मंदिर पाडलं. साठेक वर्षांनी ज्यूंनी बंड केलं. सम्राट हेड्रियनने शहराचं नावच बदलून ‘एलिया कॅपिटोलिना’ केलं आणि बंड चिरडल्यावर ज्यूंना प्रवेशबंदी केली.

उरली ती हेरोदाच्या पटांगणाची आधारभिंत. आज जिच्या फटींत लोक प्रार्थनेच्या चिठ्ठ्या खोचतात ती पश्चिम भिंत हीच. देवळाची नव्हे, देवळाच्या जोत्याची भिंत! चिठ्ठ्या वर्षातून दोनदा काढतात. त्या टाकून देत नाहीत, जैतुनाच्या डोंगरावर पुरतात.

दोन्ही मंदिरं पडल्याचा शोक ज्यू लोक अव महिन्याच्या नवमीला उपास करून पाळतात. कोकणातले बेने इस्रायली, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, त्यांच्याकडे या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ असं नाव होतं. त्या वेळच्या जेवणात वालाचं बिरडं असे. चार हजार किलोमीटरांवरच्या मंदिराचं सुतक केळीच्या आणि नारळाच्या वाड्यांमध्ये पाळलं जात होतं. आपल्याकडच्या सिनेगॉगांत, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांत, तोरा हा धर्मग्रंथ ठेवायचं कपाटही पश्चिमेच्या भिंतीला असतं, कारण इथून जेरुसलेमची दिशा ती.

ख्रिस्ती लोकांचं नातं या मंदिराशीच जडलेलं आहे. येशू ज्यू होता. वल्हांडणाच्या (पासओव्हरच्या) ज्यू सणाला तो जेरुसलेमला आला, मंदिराच्या आवारातल्या सराफांचे चौरंग त्याने उलथवले आणि त्याच आठवड्यात शहराबाहेर गुलगुथा इथे त्याला क्रुसावर चढवलं. मृत्यू इथे, पुनरुत्थानही इथेच. तीनेकशे वर्षं ही श्रद्धा राज्यकर्त्यांच्या रोषाखाली होती. मग सम्राट कॉन्स्टंटाईन स्वतः ख्रिस्ती धर्माकडे वळला आणि चित्र पालटलं. त्याची आई हेलेना तीर्थयात्रेला आली. हेड्रियनच्या काळातलं रोमन देवीचं देऊळ पाडून तिथे येशूची कबर म्हणून दाखवल्या गेलेल्या जागेवर चर्च बांधलं गेलं, 335 मध्ये त्याचं समर्पण झालं. हेच पवित्र कबरीचं चर्च. क्रुसाची जागा आणि कबर आज एकाच छताखाली आहेत.

या काळात ज्यू मंदिराचं पटांगण मात्र मुद्दाम ओसाड ठेवलं गेलं. ‘इथे दगडावर दगड राहणार नाही’ हे येशूचं भाकीत खरं ठरल्याचा तो पुरावा होता.

सातव्या शतकात अरब आले. इस्लाममध्ये जेरुसलेमचं स्थान त्याआधीच पक्कं झालेलं होतं. मदिनेला गेल्यावर सोळा-सतरा महिने मुसलमान नमाज जेरुसलेमकडे तोंड करून पढत. 624 मध्ये किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, मक्केकडे वळला. कुराणाच्या सतराव्या सूऱ्यात पैगंबरांचा एका रात्रीत ‘सर्वांत दूरच्या मशिदी’पर्यंतचा प्रवास आहे. शहराचं नाव तिथे येत नाही, पण परंपरेने ती जागा म्हणजे जेरुसलेम, आणि तिथूनच ते स्वर्गारोहणाला, मेराजला गेले. इब्राहीम, दाऊद, सुलेमान, ईसा हे सगळे इस्लामचेही पैगंबर. त्यांचं शहर परकं कसं असेल? अरबीत ते ‘अल्-कुद्स’, म्हणजे पवित्र.

638 च्या सुमारास शहर खलिफा उमरच्या ताब्यात आलं. परंपरा सांगते की तिथला ख्रिस्ती धर्मप्रमुख सोफ्रोनियस त्याला कबरीच्या चर्चमध्ये घेऊन गेला. नमाजाची वेळ झाली, पण उमरने आत नमाज पढायला नकार दिला. मी इथे पढलो तर माझ्यामागचे लोक याची मशीद करतील, म्हणाला. नंतर त्याने ओसाड पटांगण साफ करवलं. ज्यूंनाही शहरात पुन्हा राहता येऊ लागलं.

त्याच पटांगणावर, परंपरेने मंदिराची जागा मानल्या गेलेल्या खडकावर, खलिफा अब्दुल मलिकने 691-92 च्या सुमारास सोनेरी घुमटाची इमारत उभारली. ती मशीद नव्हे. मशीद शेजारची अल्-अक्सा. हा घुमट नीट पाहिला तर तो दोन शेजाऱ्यांशी एकदम बोलतो. जागा ज्यूंच्या मंदिराची. घुमटाचा व्यास जवळजवळ कबरीच्या चर्चच्या घुमटाएवढा. आणि आतल्या लांबलचक शिलालेखात मरियमपुत्र ईसाचा आदराने उल्लेख करून ‘तीन म्हणू नका’ असं बजावलेलं आहे; म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही ख्रिस्ती त्रयी नाकारलेली आहे. शेजाऱ्यांचं पावित्र्य मान्य, सिद्धान्त अमान्य.

1009 मध्ये खलिफा हाकिमने कबरीचं चर्च पाडवलं, 1099 मध्ये क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, शहर घेऊन मुसलमान आणि ज्यूंची कत्तल केली आणि खडकावरच्या घुमटावर क्रूस चढवला. 1187 मध्ये सलाहुद्दीन शहरात शिरला तो दिवस त्याने साधला होता : 27 रजब, मेराजची तिथी. चर्च त्याने पाडलं नाही. त्याच्या दाराची किल्ली आजही एका मुसलमान घराण्याकडे असते आणि दार उघडतं दुसरं मुसलमान घराणं, कारण आतले सहा ख्रिस्ती पंथ एकमेकांवर विश्वासायला तयार नाहीत. कुठली पायरी कुणी झाडायची, कुठला दिवा कुणाचा, याची वाटणी तुर्की सुलतानाच्या 1852 च्या फर्मानावर उभी आहे. दर्शनी खिडकीखाली एक लाकडी शिडी दोनेकशे वर्षांहून अधिक काळ टेकवून ठेवलेली आहे. ती हलवायला सगळ्यांची संमती लागेल. 2002 मध्ये छतावर बसणाऱ्या एका कॉप्टिक (इजिप्तच्या ख्रिस्ती पंथाच्या) साधूने ऊन लागतं म्हणून खुर्ची सावलीत सरकवली, तर इथिओपियन पंथाशी हाणामारी होऊन अकरा जण रुग्णालयात गेले.

आज दिसणारा तट तुर्की सुलतान सुलेमानने 1537 ते 1541 दरम्यान बांधला. आतलं जुनं शहर एक चौरस किलोमीटरही भरत नाही. चारशे वर्षांची तुर्की सत्ता 1917 च्या डिसेंबरात संपली, जनरल ॲलनबी जाफा दरवाजातून पायी आत आला आणि घुमटाभोवती पहारा बसवला तो ब्रिटिश फौजेतल्या भारतीय मुसलमान शिपायांचा. 1947 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शहर कुणालाच न देता आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवायचं ठरवलं, पण ते कागदावरच राहिलं. 1948 च्या युद्धानंतर जुनं शहर जॉर्डनकडे गेलं आणि ज्यूंना भिंतीपाशी जाता येईना. 1967 मध्ये इस्रायलने ते जिंकलं. भिंतीसमोर पटांगण करण्यासाठी मोरोक्कन लोकांची वस्ती काही दिवसांत जमीनदोस्त झाली.

वरच्या पटांगणाचा कारभार मात्र जॉर्डनशी संलग्न मुस्लिम वक्फकडेच राहू दिला गेला. इतर धर्मीयांनी बघायला जावं, प्रार्थना करू नये, असा तेव्हाचा ठराव. त्यावरून आजही ठिणग्या पडतात. वर जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी इस्रायलच्या मुख्य रब्बींचा (ज्यू धर्मगुरूंचा) फलक आहे. त्यात मुसलमानांचा उल्लेख नाही. या जागेच्या पावित्र्यामुळे धर्मशास्त्रानुसार इथे प्रवेश निषिद्ध आहे, असं तो ज्यूंना सांगतो. जुन्या मंदिरातलं परमपवित्रस्थान नेमकं कुठे होतं ते आता कुणाला ठाऊक नाही, चुकून त्यावर पाऊल पडायला नको. अलीकडे तो फलक न जुमानता वर जाणाऱ्या ज्यूंची संख्या वाढते आहे. बाकीचे खाली जोत्याच्या भिंतीपाशी थांबतात.