प्रभाग समिती आणि क्षेत्रसभा: आपल्याला नेमकं कुठे बोलता येतं?

आमच्या सोसायटीच्या गेटापासून पन्नास पावलांवर विजेची डीपी आहे. तिच्यामागची भिंत म्हणजे आमच्या भागाची बिनपरवाना कचराकुंडी. महापालिकेने तिथला कंटेनर उचलून नेला त्याला कितीतरी वर्षं झाली, पण लोकांचा हात वळतो तो तिकडेच. कामावर जाताना स्कूटरवरून न उतरता पिशवी भिरकावायची की झालं. सफाई खात्यात अशा जागेला 'क्रॉनिक स्पॉट' म्हणतात. मुकादमाने तिथे रांगोळी काढून पाहिली, देवांच्या टाइल्स लावून पाहिल्या. फरक एवढाच पडला की आता नारळाच्या करवंट्या गणपतीसमोर पडतात.

या भिंतीचे फोटो घेऊन मी एका मंगळवारी प्रभाग समितीच्या सभेला गेलो. कुणीतरी सांगितलं होतं, "अहो, ती नागरिकांसाठीच तर असते." शिपायाने मागच्या खुर्चीवर बसू दिलं. पाणी झालं, ड्रेनेज झालं, एका चौकाच्या नामकरणावर वीस मिनिटं गेली. घनकचऱ्याचा विषय आला तेव्हा मी उभा राहिलो. अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, ही सदस्यांची सभा आहे. तुमचं निवेदन खाली आवक-जावकला द्या." राग आला, खोटं कशाला सांगू. घरी येऊन कायदा काढून वाचला आणि लक्षात आलं, बाईंचं बरोबर होतं. मी चुकीच्या दारात उभा होतो. ज्या दारात उभं राहायला हवं होतं ते क्षेत्रसभेचं, म्हणजे भागातल्या सगळ्या मतदारांच्या सभेचं. ते मात्र आमच्याकडे कधी उघडलंच गेलेलं नाही.

घोळ नावांपासूनच सुरू होतो. निवडणुकीत 'प्रभाग' म्हणजे नगरसेवक जिथून निवडून जातात तो शहराचा तुकडा. प्रभाग समिती मात्र एका प्रभागाची नसते, शेजारचे काही प्रभाग मिळून एक समिती होते. पुण्यात २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग होते ४१ आणि नगरसेवक १६२, तर क्षेत्रीय कार्यालयं, म्हणजे महापालिकेची भागाभागातली कार्यालयं, १५, आणि एकेका कार्यालयाला एक प्रभाग समिती. म्हणजे एकेका कार्यालयाखाली साधारण दोन-तीन प्रभाग आणि दहाएक नगरसेवक. ठाण्यात तर ऑफिसलाच प्रभाग समिती म्हणतात. "नौपाडा प्रभाग समितीत जाऊन आलो" म्हणजे माणूस कर भरायला गेला होता, सभेला नव्हे. त्यात 'क्षेत्रीय कार्यालय' हे मोठं आणि 'क्षेत्रसभा' ही त्याच्या पोटातली अगदी लहानशी. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांना नावं ठेवायला हरकत नाही. माझा भाचा काही वर्षं बंगळूरला होता, त्याने आणखी भर घातली: "मामा, तिकडे तर वॉर्ड कमिटीत रहिवासीच बसतात." तिकडे बसतात, कारण कर्नाटकात एकेका वॉर्डाला स्वतःची समिती आहे आणि तिच्यात नगरसेवकाबरोबर नागरिकांनाही जागा ठेवली आहे. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे.

आपल्याकडची प्रभाग समिती ७४ व्या घटनादुरुस्तीतून आली. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि तिने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत अशा समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्रात त्यासाठी महानगरपालिका अधिनियमात कलम २९ अ घातलं गेलं. समितीत कोण बसणार हेही तिथेच लिहिलंय: त्या भागातले सगळे नगरसेवक, कार्यालयाचा प्रमुख अधिकारी आणि त्या भागात काम करणाऱ्या सामाजिक संस्थांमधून नगरसेवकांनीच नेमलेले जास्तीत जास्त तीन जण. अध्यक्ष दरवर्षी सदस्यांतून निवडला जातो. म्हणजे मतदाराला प्रभाग समितीत बसायचं तर निवडून यावं लागतं किंवा त्या तिघांत नंबर लावावा लागतो, आणि ते तिघे कोण असावेत हे ठरवणारेही नगरसेवकच.

म्हणून ती निरुपयोगी, असं मात्र समजू नका. तिच्या हातात पैसा आहे. पाणी, ड्रेनेज, साफसफाई, पावसाळी पाण्याचा निचरा यांच्या तक्रारींचा लवकर निपटारा करणं हे तिचं काम. आपल्या भागाच्या खर्चाचा अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी त्यावर शिफारस करणं हेही तिचंच. शिवाय अंदाजपत्रकात तरतूद असेल तर लहान कामांना ती स्वतः मंजुरी देऊ शकते. कायद्यात मूळ मर्यादा पाच लाखांची आहे. पाच लाखांत उड्डाणपूल होत नाही, पण गल्लीच्या तोंडाशी तुटलेली जाळी, बागेतले बाक, विरंगुळा केंद्राचं छप्पर ही कामं होतात, आणि रोजचं जगणं बरंचसं अशाच कामांवर अवलंबून असतं. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून छोटी कामं मागवते, त्याचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयातच घेतात. आपण सुचवायचं आणि यादीत काय राहणार हे प्रभाग समितीने पाहायचं, असा तो रस्ता.

क्षेत्रसभेची जात वेगळी. ती समजून घ्यायला महापालिका बाजूला ठेवून गावाकडे जाऊ.

आमच्या गावी १५ ऑगस्टला झेंडावंदन उरकलं की शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या पडतात. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद. तो निवडून आलेला नाही, त्याला कुणी नेमलेलं नाही, तो फक्त तिथला मतदार आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, जो आकडा कमी असेल तो. सरपंचाने ग्रामसभा टाळल्या तर त्याची खुर्ची जाऊ शकते. मागे एकदा आमची चुलती तिथे उठून म्हणाली, "हापशाला पाणी नाही आणि तुम्ही कमानीचा ठराव काय वाचताय?" सरपंचाने तिला 'काकू, निवेदन द्या' असं सांगितलं नाही. सांगताच आलं नसतं. सभा तिची होती. कमान पुढे झालीच, हे खरं, पण हापसाही दुरुस्त झाला.

क्षेत्रसभा म्हणजे हीच ग्रामसभा शहरात आणण्याचा प्रयत्न. केंद्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये शहरांच्या पायाभूत कामांसाठी जेएनएनयूआरएम ही मोठी योजना आणली, तिच्या पैशाबरोबर काही सुधारणांच्या अटी होत्या. लोकसहभागाचा कायदा करा, ही त्यातली एक. महाराष्ट्राने २००९ मध्ये महानगरपालिका कायद्यात क्षेत्रसभेची कलमं घातली. त्यांनुसार प्रभागाचे छोटे तुकडे पाडायचे, एका तुकड्यात दोन ते पाच मतदान केंद्रं, म्हणजे काही हजार मतदार. त्या यादीत नाव असलेले सगळे क्षेत्रसभेचे सभासद. सभा बोलवायची नगरसेवकाने, दोन वर्षांत किमान चार वेळा. नाही बोलावली तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चष्मा पुसून परत वाचलं. नगरसेवकपद जाऊ शकतं! मग गेली इतकी वर्षं क्षेत्रसभेत बसलेला एकही माणूस मला का भेटला नाही? मी पुण्यातल्या, ठाण्यातल्या, नाशिकमधल्या ओळखीच्यांना विचारलं. बहुतेकांनी उलट मलाच विचारलं की हे काय असतं. माझ्या मते खरी मेख अशी आहे: क्षेत्राच्या हद्दी ठरवल्या आणि जाहीर केल्या नाहीत, तर सभा कुणाची आणि कुठल्या यादीवरून घ्यायची हेच ठरत नाही. सभाच ठरली नाही तर ती चुकवल्याचा दोष तरी कुणावर येणार? त्यात आपल्याकडे चार-चार नगरसेवकांचा प्रभाग. एका मतदाराला चार नगरसेवक आणि चौघांचं बोट एकमेकांकडे. निधीची अट पुरी करण्यापुरता कायदा झाला आणि तिथेच राहिला, असं माझं मत. कुणाच्या शहरात क्षेत्रसभा रीतसर झाली असेल तर मी आनंदाने हे मत बदलेन.

आणि झालीच, तर तिला अधिकार तरी किती? पैसे मंजूर करण्याचा नाही. दिवे कुठे कमी आहेत, सार्वजनिक नळ आणि शौचालय कुठे हवं, आधी कुठलं काम घ्यावं, योजनेचा लाभ कुणाला मिळावा, हे ती सुचवते आणि क्रम लावते. तिने यादी करायची, प्रभाग समितीने तिच्यातल्या कामांना पैसे द्यायचे. दोन्ही संस्था एकमेकींसाठीच बनवल्यात. आज दुसरी आहे आणि पहिली नाही, त्यामुळे यादी येते ती नगरसेवकाच्या कार्यकर्त्याच्या वहीतून.

आमच्या भिंतीचंच पाहा. रोज झाडणं आणि उचलणं हे आरोग्य कोठीचं, म्हणजे सफाई खात्याच्या आपल्या भागातल्या ठाण्याचं काम. मुकादम आणि आरोग्य निरीक्षक यांच्यापाशी ते सुटायला हवं, त्याला सभा लागतच नाही. तिथे कॅमेरा बसवायचा, भिंतीपुढे कुंड्या ठेवून जागा अडवायची, तर पैसे लागतात आणि गोष्ट प्रभाग समितीकडे जाते. पण कचरा टाकतं कोण? सोसायटीवाले म्हणतात मागच्या चाळीतले लोक, चाळवाले म्हणतात सोसायटीतले भाडेकरू, आणि दोघं मिळून कॅबवाल्यांना धरतात. यांना एका सतरंजीवर बसवून, घंटागाडी साडेनऊला येते आणि चाळीतल्या बायका आठला कामावर निघतात, मग त्यांनी पिशवी ठेवायची कुठे, हे विचारायची जागा क्षेत्रसभा. एवढं ऐकलं असतं तर कदाचित घंटागाडीची वेळ बदलली असती आणि देवांच्या टाइल्सचा खर्च वाचला असता. (पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या कष्टकरी बायकांना कुठली गल्ली किती वाजता रिकामी होते हे पाठ असतं. त्यांनाही एखाद्या सभेत बोलवावं असं आजवर कुणाला सुचल्याचं मी पाहिलेलं नाही.)

सुरक्षेच्या बाबतीत दोन्हीकडे अपेक्षाभंग होतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. खांबावरचा दिवा महापालिकेचा, त्याखाली उभे राहणारे पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. गस्त वाढवा असा ठराव प्रभाग समिती करू शकते, पण पोलीस ठाण्यावर तो बंधनकारक नाही. दिवे, फुटपाथ, गतिरोधक, झाडीत बुडालेला कोपरा मोकळा करणं, एवढ्यापुरती सुरक्षा महापालिकेकडे आहे. बाकीची पोलिसांकडे, आणि त्यांच्याकडे 'मोहल्ला कमिटी' नावाची तिसरीच चीज असते.

तिचा उगम सांगण्यासारखा आहे. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. पुढे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली हिंदू-मुसलमान रहिवासी आणि पोलीस यांच्या समित्या बांधल्या. वाद लहान असतानाच तिथे बोलून मिटवायचे, ही कल्पना. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, त्यात माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो यांचा मोठा वाटा होता. आता पुण्यात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नागरिकांची गाऱ्हाणी ऐकायला बैठक होते, तिलाही 'मोहल्ला समिती'च म्हणतात! तिथे नागरिक बोलतात, अधिकारी लिहून घेतात, कामं होतातही. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासकाचं राज्य आलं, तेव्हा बोलायला तेवढीच एक जागा उरली होती. मात्र ती क्षेत्रसभेची जागा घेऊ शकत नाही. ती चालते अधिकाऱ्याच्या मनावर आणि चिकाटीच्या चार नागरिकांवर.

आता कामाचं. प्रभाग समितीपुढे विषय न्यायचा असेल तर सभेच्या दिवशी फोटो घेऊन जाऊ नका, माझ्यासारखं होईल. विषयपत्रिका निघण्याआधी आपल्या प्रभागातल्या एखाद्या नगरसेवकाला लेखी द्या आणि विषय त्याच्या नावाने मांडायला लावा. त्याचीच दुसरी प्रत आवक-जावकला देऊन पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. नुसतं "ठेवा इथे" म्हणजे पोच नव्हे. सभेनंतर इतिवृत्त मागा. देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये. क्षेत्रसभेसाठी अर्ज वेगळा आणि तो थेट आयुक्तांच्या नावे: आमच्या प्रभागातली क्षेत्रं जाहीर झालीत का, झाली असल्यास गेल्या दोन वर्षांतल्या सभांच्या तारखा द्या. एवढे दोनच प्रश्न. तिसरा घातलात तर उत्तर तिसऱ्याचंच येतं.

मी दोन्ही केलं. आयुक्तांकडच्या अर्जाची पोच फाइलला लावून ठेवलीय. प्रभाग समितीचं इतिवृत्त दीड महिन्याने हातात पडलं, चौकाच्या नामकरणाला त्यात अर्धं पान आहे. आमच्या भिंतीसमोर एकच ओळ: 'सदर ठिकाणी नियमित स्वच्छता ठेवण्यात येत आहे.' त्या सकाळी डीपीमागे अकरा पिशव्या होत्या, मी मोजून आलो होतो.