सेंड_मेलने १ दिला म्हणजे मेल पोचला, असं नाही

सोलापुरात वेबसाइटची कामं करणाऱ्या आम्हा मंडळींत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: जँगो या वेबसाइट बनवायच्या पायथन फ्रेमवर्कमधल्या, मेल पाठवणाऱ्या सेंड_मेल फंक्शनने १ परत दिला, की मेल गिऱ्हाइकाला पोचला. हे चूक आहे, आणि यात धंद्याचं खरंच नुकसान होतं.

अक्कलकोट रोडवरच्या एका चादर-टॉवेलवाल्यांची साइट मी केली होती. लॉगमध्ये प्रत्येक ऑर्डरपुढे १, आणि मालकांना गिऱ्हाइकांचे फोन: "कन्फर्मेशन आलंच नाही." सगळे मेल स्पॅममध्ये पडलेले.

तो १ एवढंच सांगतो की पुढच्या एसएमटीपी सर्व्हरने (मेल पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरने) मेल ताब्यात घेतला. पोस्टाच्या खिडकीवर पाकीट घेतलं, इतकंच. नंतर मेल परत फिरला, स्पॅममध्ये गेला, तर जँगोला पत्ताही लागत नाही. चुकून कन्सोल बॅकएंड (जँगोची चाचणीपुरती सेटिंग) चालू राहिला, तर मेल नुसता टर्मिनलवर छापला जातो, तरी १ मिळतोच!

आमची चूक ‘फ्रॉम’मध्ये, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्यात होती. पत्ता मालकांचा जीमेलचा, पाठवणारा सर्व्हर भलताच. तिथे साइटच्याच डोमेनचा पत्ता घातला आणि डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एसपीएफ (या डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ती यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीएमएआरसी (या तपासणीत मेल नापास झाला तर काय करायचं तो नियम) यांच्या नोंदी केल्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं. दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात.

जीमेलमध्ये मेल उघडून ‘शो ओरिजिनल’ दाबा, तिन्हींपुढे ‘पास’ दिसायला हवं. साइट ताब्यात देताना मी ते आता मालकांसमोरच उघडतो.