अंपायरच्या नावातला हरवलेला ‘न’

क्रिकेटचा सामना पाहताना शेजारच्या शाळकरी मुलाने मला विचारले, ‘‘अंपायर आणि एम्पायर हे शब्द एकमेकांचे नातेवाईक ना? सत्ता तर दोघांचीही चालते.’’ प्रश्न विचार करून विचारलेला होता, पण नाते खरे नाही. एम्पायर लॅटिनमधल्या ‘इम्पेरियुम’वरून, म्हणजे सत्ता या अर्थाच्या शब्दावरून आला, अंपायरचे मूळ मात्र ‘नोनपेर’ या जुन्या फ्रेंच शब्दात आहे. ‘नोन’ म्हणजे नाही आणि ‘पेर’ म्हणजे बरोबरीचा. हा ‘पेर’ ज्या लॅटिन ‘पार’पासून झाला, त्याचे समान आणि सम संख्या असे दोन्ही अर्थ होते, जसे ते आपल्या ‘सम’ या शब्दाचेही आहेत. म्हणून नोनपेर म्हणजे विषम, दोघांच्या वादात निवाड्यासाठी बोलावलेला तिसरा. आपल्याकडे हेच काम करणाऱ्याचे ‘पंच’ हे नावही संख्येवरूनच पडले, याचे मला फार अप्रूप वाटते.

14व्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द ‘नूम्पेर’ असा, ‘न’सकट आढळतो. तो ‘न’ पुढे कुठे गेला, हे समजण्यासाठी आधी ‘अ’ किंवा ‘अन्’ (a, an), म्हणजे एक, हा इंग्रजी शब्द लावून ‘अ नूम्पेर’ आणि ‘अन् ऊम्पेर’ हे दोन्ही भरभर म्हणून पाहावे. कानाला फरक कळत नाही, कारण लिहिताना आपण दोन शब्दांमध्ये जागा सोडतो, तशी बोलताना सोडत नाही. शब्द कुठे तोडायचा हे ऐकणाऱ्यालाच ठरवावे लागते. इंग्रजीत स्वरापूर्वी ‘अ’चा ‘अन्’ होतो, त्यामुळे मधला ‘न’ अलीकडचा की पलीकडचा, असा पेच पडतो. शब्दांची लेखी रूपे अजून स्थिरावली नव्हती, तेव्हा पुष्कळांनी तो अलीकडे जोडला आणि तीच चूक रूढ झाली. ‘नेपरन’चा एप्रन असाच झाला. उलट ‘ईक नेम’, म्हणजे जास्तीचे नाव, याला शेजारचा ‘न’ चिकटून निकनेम तयार झाले.

मात्र हा नियम सापडला म्हणून तो दिसेल तिथे लावणे योग्य नाही. आपल्या नारिंगाशी नाते सांगणाऱ्या ऑरेंजचा ‘न’ही इंग्रजीतच गळाला, असे अनेकदा छातीठोकपणे सांगितले जाते, प्रत्यक्षात तो शब्द इंग्रजीत येण्यापूर्वीच फ्रेंच-इटालियनमध्ये ‘न’ गमावून बसला होता. व्युत्पत्ती उच्चारांच्या साम्यावर नव्हे, तर जुन्या लेखी नोंदींवर ठरते.

क्रिकेटच्या 1744च्या नियमांत अंपायर हा शब्द आहे, आणि तिथे ते दोन आहेत. मूळ अर्थातला तिसरा माणूस मैदानाबाहेर येऊन बसला तो 1992मध्ये, डर्बनच्या कसोटीत, आणि त्याने धावबाद ठरवलेला पहिला फलंदाज होता सचिन तेंडुलकर.