गाडीला गाडी: जुन्या मोटारसायकलींची अदलाबदल आणि आरटीओतले दोन अर्ज

गगनबावड्याच्या घाटात माझी क्लासिक ३५० बुलेट तिसऱ्या गिअरवर निवांत धडधडत चढायची. तिला घाई खपत नसे. घाई केली तर आरशात मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी नुसती थरथर दिसायची. सांगलीच्या एका ओळखीच्या मुलाकडे ड्यूक २०० होती. ती बरोबर उलट्या स्वभावाची: कमी आरपीएमवर कुरकुरणारी, सिग्नलला अवघडणारी, पण मोकळा रस्ता दिसला की उधळणारी. त्याला आता लग्नानंतर मागे नीट बसता येईल अशी गाडी हवी होती. मला गुडघे शाबूत आहेत तोवर हलकी गाडी चालवून घ्यायची होती, आणि ड्यूक बुलेटपेक्षा चाळीसेक किलोंनी हलकी. किंमतीतला फरक थोडा, म्हणून ठरलं: गाडीला गाडी, वरचे थोडे पैसे त्याने द्यायचे.

इथपर्यंत सगळं सोपं. पुढे आरटीओ येतं, आणि आरटीओला अदलाबदल नावाचा प्रकार माहीतच नाही. साटंलोटं केलं तरी लग्नं दोनच लागतात, तसंच हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे दोन स्वतंत्र मालकी हस्तांतरणं करायची. एका गाडीचे तुम्ही विक्रेते, दुसरीचे खरेदीदार. म्हणजे कागदांचे दोन संच, दोन अर्ज, दोन शुल्कं. ‘माझी तुझ्या नावावर कर, तुझी बघू नंतर’ असं झालं की एक जण अडकलाच.

का अडकतो, ते आधी सांगतो. आपल्याकडे सह्या केलेला कोरा टीटीओ सेट (मालकी हस्तांतरणाचे नमुने) हातात देऊन गाडी सोडून देण्याची जुनी पद्धत आहे. मीही एकदा तेच केलं होतं. स्प्लेंडर दिली, सह्या दिल्या, पैसे घेतले, विषय संपला असं समजलो. दोन वर्षांनी मोबाइलवर विनाहेल्मेटचं चलन आलं, फोटोत कोणी तिसराच माणूस. चलनाचे पैसे भरून सुटलो, पण अपघात असता तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच प्रकरणात स्पष्ट केलं आहे की अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. त्या प्रकरणात तर गाडी तीन-चार हातांतून पुढे गेली होती, तरी मूळ मालक सुटला नाही.

कोणाला करता येतं

गाडी तुमच्याच नावावर हवी. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण अदलाबदलीत आलेल्या निम्म्या गाड्या वडिलांच्या, नाहीतर मोठ्या भावाच्या नावावर निघतात. वडील हयात असतील तर विक्रेता म्हणून सही आणि ओटीपी त्यांचा. मालक वारले असतील तर आधी नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी चढवायची (मृत्यूनंतर तीन महिन्यांत हा अर्ज अपेक्षित असतो), मगच ती पुढे देता येते. ही पायरी गाळून आईची सही घेऊन काम भागवू म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बोजा दिसतो. बोजा असताना नुसत्या दोघांच्या सह्यांनी हस्तांतरण होत नाही, कर्ज देणाऱ्याची लेखी संमती लागते. व्यवहारात सरळ मार्ग एकच: कर्ज फेडा, बँकेकडून नमुना ३५ आणि ना हरकत पत्र घ्या, बोजा उतरवा. कर्ज फिटून चार वर्षं झाली, पण आरसीवरचा बोजा तसाच, असे लोक खूप आहेत. बँकेच्या पत्राला ठरावीक मुदत असते, ती उलटली की पुन्हा शाखेत चकरा.

गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर नमुना २५ ने नोंदणीचं नूतनीकरण आधी. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीसाठी त्याचं शुल्क ३०० वरून १००० रुपये झालं (वीस वर्षांहून जुन्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ पासून २०००), शिवाय पर्यावरण कर वेगळा. जुन्या आरएक्स १०० च्या मोहात पडलेल्यांनी हा खर्च सौद्यातच धरावा.

एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी. राज्यात त्यासाठीच्या मुदती कितीदा वाढल्या ते सगळ्यांना माहीत आहे, पण ती प्लेट नसेल तर मालकी बदल, बोजा चढवणे-उतरवणे ही कामं अडवायची असे परिवहन विभागाचे आदेश आहेत. दुचाकीला ४५० रुपये आणि जीएसटी, म्हणजे ५३१. आमच्या दोन्ही गाड्या त्याआधीच्या. माझ्या गाडीला प्लेट होती, त्याच्या नव्हती, आणि तिची तारीख मिळेपर्यंत सौदा तीन आठवडे लटकला.

खरेदीदाराला लायसन्स लागतं का, असं बरेच जण विचारतात. गाडी नावावर करायला नाही, चालवायला लागतं. स्कूटर देऊन मोटारसायकल घेणाऱ्याने आपल्या लायसन्सवर गिअरची दुचाकी आहे ना, ते मात्र बघून घ्यावं.

कागदपत्रं, प्रत्येक गाडीसाठी वेगळी

नमुना २९ म्हणजे ‘मी गाडी अमुक माणसाला दिली’ ही विक्रेत्याची सूचना. तिच्या दोन प्रती करा. कायद्याने विक्रेत्याने ती आरटीओला द्यायची आणि प्रत खरेदीदारालाही. नमुना ३० हा दोघांचा मिळून अर्ज, एक भाग विक्रेत्याचा, एक खरेदीदाराचा. यांच्यासोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, खरेदीदाराचा पत्त्याचा पुरावा, पॅन (नसेल तर नमुना ६०), दोघांचे ओळखपत्र आणि फोटो. बऱ्याच ठिकाणी चेसिस नंबरची पेन्सिल छापही मागतात.

ही छाप घेणं हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. क्लासिकचा चेसिस नंबर हँडलखालच्या नळीवर कोरलेला. पातळ कागद त्यावर धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी घासायची. सात वर्षांचं ग्रीस आणि माती तिथे साचलेली. आधी रॉकेलचा बोळा फिरवला, मग टूथब्रश, तेव्हा कुठे आकडे वर आले. या खटाटोपाचा खरा फायदा वेगळाच आहे: आरसीवरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी जुळवता. त्याच्या गाडीची छाप मी काढली, माझ्या गाडीची त्याने. इंजिन नंबरही तसाच बघा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर सौदा तिथेच थांबवा. रंग बदललेला असेल तरी आरसीवर नोंद लागते. बुलेटला फटाका सायलेन्सर असेल तर मूळ सायलेन्सर घरात माळ्यावर आहे का ते विचारा, तो लावूनच गाडी घ्या.

सौदा ठरायच्या आधी दोन्ही क्रमांक ऑनलाइन तपासायचे: वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर मालकाचं नाव, विम्याची तारीख, बोजा, आणि वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पानावर थकीत चलनं. चलन गाडीच्या क्रमांकावर चढतं, त्यामुळे ‘ते माझं आहे, मी भरतो’ हे तोंडी आश्वासन कामाचं नाही. भरल्याची पावती बघायची.

प्रत्यक्ष अर्ज

परिवहनच्या संकेतस्थळावर वाहन सेवा उघडा, राज्य निवडा, गाडीचा क्रमांक आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाका. ओटीपी येतो तो आरसीला जोडलेल्या मोबाइलवर. इथे निम्मे अर्ज अडतात, कारण शोरूममध्ये गाडी घेताना दिलेला नंबर केव्हाच बंद पडलेला असतो. तेव्हा मोबाइल क्रमांक बदलण्याची वेगळी सेवा आहे, ती आधी उरका. पुढे मालकी हस्तांतरण निवडून खरेदीदाराची आणि विम्याची माहिती भरायची, कागद चढवायचे, पैसे भरायचे. मोटारसायकलच्या नोंदणीचं शुल्क ३०० आणि हस्तांतरणाला त्याच्या निम्मं, म्हणजे १५०. स्मार्ट कार्डचे २००, वर टपालखर्च. एजंट किती सांगतो ते तुम्ही जाणताच. तो वेळ वाचवतो हे खरं, पण त्याच्या आकड्यातलं सरकारी किती, एवढं तरी आपल्याला माहीत असावं.

मुदती लक्षात ठेवा. विक्रेत्याने त्याच राज्यात १४ दिवसांत कळवायचं, खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करायचा. अदलाबदलीत तुम्ही दोन्ही असल्यामुळे १४ दिवस हीच तुमची मुदत समजा. आम्ही एकाच संध्याकाळी एका टेबलावर बसून दोन्ही अर्ज भरले आणि दोन्ही पावत्या हातात आल्यावरच चाव्या बदलल्या.

बेळगाव, निपाणी किंवा म्हापशाची गाडी असेल तर गणित बदलतं. परराज्यातल्या गाडीसाठी मूळ आरटीओकडून नमुना २८ मध्ये ना हरकत दाखला आणावा लागतो. त्या गाडीच्या विक्रेत्याला कळवायला ४५ दिवस मिळतात. दाखल्याच्या अर्जावर ३० दिवसांत काहीच कळवलं नाही तर तो दिला असं कायदा मानतो, पण हा मुद्दा खिडकीवर वाद घालायला वापरण्यापेक्षा पाठपुरावा बरा. इकडे आल्यावर नवा क्रमांक आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर पुन्हा, गाडीच्या वयानुसार घटवून. तिकडे भरलेल्या कराचा परतावा ज्याच्या त्याने तिकडच्या कार्यालयात मागायचा. म्हणून कोल्हापूरची गाडी आठ दिवसांत त्याच्या नावावर आणि बेळगावची दोन महिने अधांतरी, असं होतं. अशा सौद्यात वरचे पैसे किंवा निदान दुसरी चावी शेवटपर्यंत राखून ठेवा.

करार

वेगळा करार आरटीओ मागत नाही, तरी करावाच. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ११८ मध्ये अदलाबदलीची व्याख्याच दिलेली आहे, आणि ती फक्त जमिनीपुरती नाही. कलम ११९ जास्त कामाचं: समोरच्याच्या मालकीत खोट निघून तुमच्या हातची गाडी गेली, तर तुम्ही नुकसानभरपाई मागू शकता किंवा, तुमची गाडी अजून त्याच्याकडे असेल तर, तीच परत मागू शकता. हे सिद्ध करायला कागद हवा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात करारासाठी १०० चा स्टॅम्प चालत नाही, ५०० चा घ्या. त्यात दोन्ही गाड्यांचे चेसिस आणि इंजिन नंबर, धरलेल्या किंमती, वरची रक्कम आणि ती कशी दिली, किलोमीटर, किती चाव्या, आणि ताबा दिल्याची तारीखच नव्हे तर वेळसुद्धा. आमच्या करारात ‘सायं. ६ वाजून १० मिनिटे’ लिहिलंय. त्या क्षणानंतरचं चलन कोणाचं, यावर वाद उरत नाही.

गाडी बाजारातल्या दुकानदाराशी बदलत असाल तर तो आरटीओकडून प्राधिकृत आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे प्राधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवताना नमुना २९सी भरून कळवायचं. त्यानंतर ती पुढे विकली जाईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक तोच मानला जातो.

विमा

इथे लोक सर्वांत जास्त चुकतात. थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा) गाडीसोबत नव्या मालकाकडे आपोआप गेला असं कायदा मानतो, पण कंपनीला १४ दिवसांत कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग या अर्जाशिवाय मिळत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. माझा पाच वर्षांचा ५० टक्के बोनस मी कंपनीकडून पत्र घेऊन ड्यूकच्या विम्याला लावला. हे पत्र तीन वर्षं चालतं. उलट माझ्या पॉलिसीत मिळालेल्या सवलतीची रक्कम बुलेट नावावर करताना त्याला भरावी लागली, आणि ‘हे तू आधी का नाही सांगितलंस’ हे ऐकून घ्यावं लागलं. रास्त होतं.

थर्ड पार्टीचा हप्ता मात्र बदलला नाही. १५० ते ३५० सीसी हा एकच पट्टा आहे, त्यात ३४६ सीसीची बुलेट आणि १९९.५ सीसीची ड्यूक दोन्ही बसतात, वर्षाला १३६६ रुपये. तेच हिमालयन ४११ घेतली असती तर वरच्या पट्ट्यात २८०४.

नवी आरसी टपालाने पत्त्यावर येते, तोवर पावती आणि डिजिलॉकरमधली प्रत जवळ ठेवायची. ड्यूकची आरसी मला आधी मिळाली. बुलेट त्याच्या नावावर चढली का, ते मी एम-परिवहनवर रोज सकाळी चहाबरोबर बघत होतो. नवव्या दिवशी मालकाच्या रकान्यात माझं नाव दिसायचं थांबलं, तेव्हा स्क्रीनशॉट काढून कराराच्या फाइलमध्ये लावला.