मातीवरील कोरीव सुलेखन

मातीच्या भांड्यावर अक्षरे कोरण्याची, किंवा अक्षरांभोवतीची माती खरवडून ती उठवण्याची सजावटपद्धती. स्टुडिओतले कुंभारकाम करणारे ती बहुधा स्ग्राफितोच्या, म्हणजे वरचा लेप खरवडून खालच्या मातीचा रंग दाखवण्याच्या, अंगाने करतात. या इटालियन शब्दाच्या मुळाशी ‘खरवडणे’ हाच अर्थ आहे.

भांडे अर्धवट सुकले, हाताला गार लागते पण बोट उमटत नाही, की त्यावर वेगळ्या रंगाच्या पातळ मातीचा लेप देतात. लेपाची चकाकी गेली की कोरायला घ्यायचे. ओल जास्त असली तर चराच्या कडेला माती गोळा होते. फार सुकले तर लेपाचे टवके उडतात. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये हा मधला वेळ भराभर निसटतो, म्हणून एक बाजू कोरताना उरलेले भांडे प्लॅस्टिकखाली ठेवतात. पावसाळ्यात रडगाणे उलटे.

इराणातील निशापूर आणि मध्य आशियातील समरकंद येथे ९व्या-१०व्या शतकांत पांढऱ्या लेपावर गडद लेपाने अरबी सुवचने लिहिलेली ताटे होत. कोरियात १२व्या शतकात कोरलेल्या रेषांत वेगळी माती भरत. पुणे जिल्ह्यात कार्ले, नाणेघाट येथील ब्राह्मी लेख मात्र दगडातले.

शिरोरेषेमुळे देवनागरी चाकावर चांगली बसते. टोक स्थिर धरून भांडे फिरवले की एका फेऱ्यात रेघ पुरी होते, मग अक्षरे टांगायची. मोडी त्याहून सोयीची, कारण मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढूनच बसे आणि शब्दांत जागाही सोडत नसे. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या (स्थापना १९१०) पुण्यात मोडीची ओळख असणाऱ्यांची वाण नाही.

खरी कसोटी जाड-बारीक वळणांची. बोरूचा तिरका काप ती आपसूक देतो. तारेचे हत्यार मात्र सरळ ओढले की एकाच रुंदीचा चर पाडते. म्हणून बांबूची पट्टी बोरूसारखी छाटून वापरणे बरे. नुसते पेन्सिलीचे अक्षर गिरवून खोदले तर सुलेखन उरत नाही, पाटी होते.

हिरवट, पारदर्शक सेलाडॉन झिलई (भट्टीत भांड्यावर बसणारा काचेसारखा थर) चरात साचून गडद होते व अक्षर उठते. जाड अपारदर्शक झिलईत अनुस्वार पहिला बुजतो. कपावर कान आधी जोडलेला असतो, त्यामुळे ओळ कानापाशी कुठे तोडायची हे पहिले अक्षर कोरण्यापूर्वीच मोजून घेतात.