कॉर्गीचे कागद: अमेरिकन केनेल क्लबची नोंदणी, शोची पात्रता आणि लागणारी कागदपत्रं

अमेरिकेत मराठी घरात कॉर्गी आणायचं ठरलं की पहिली चौकशी होते ती 'कागद आहेत ना?' अशी. ब्रीडर 'आहेत' म्हणतो आणि आपण निर्धास्त होतो. आम्हीही झालो. दीड वर्षाने लेकीच्या मनात आलं की आपल्या गुंडीला डॉग शोमध्ये उतरवावं. तेव्हा कागद बाहेर काढले आणि त्यावरची एक खूण दिसली. ती पिल्लू घरी आणायच्या दिवसापासून तिथेच होती, आम्ही वाचली नव्हती एवढंच. आमच्यासारखी फजिती आणखी कोणाची होऊ नये म्हणून ही सगळी माहिती.

आधी जात आणि क्लब नीट ओळखा

कॉर्गी नावाच्या दोन वेगळ्या जाती आहेत, पेम्ब्रोक वेल्श कॉर्गी आणि कार्डिगन वेल्श कॉर्गी. दोन्ही वेल्समधल्या, गुरं हाकणाऱ्या. ब्रिटनमध्ये १९३४ पर्यंत शोच्या रिंगणात दोघींना एकच धरत. त्या वर्षी त्या वेगळ्या झाल्या, त्याच वर्षी अमेरिकन केनेल क्लबने पेम्ब्रोकला मान्यता दिली आणि १९३५ मध्ये कार्डिगनला. राणी एलिझाबेथच्या मागे धावणाऱ्या, फोटोंतून आपल्याला माहीत झालेल्या त्या पेम्ब्रोक. लांब झुपकेदार शेपूट आणि मोठे, टोकाला गोलसर कान दिसले तर ती कार्डिगन. फॉर्मवर नुसतं 'कॉर्गी' चालत नाही.

अमेरिकन केनेल क्लब, म्हणजे सगळे म्हणतात ती एकेसी, १८८४ ची संस्था. 'कागद' म्हणजे बहुतेक वेळा तिचेच. पण जाहिरातीत 'सीकेसी रजिस्टर्ड' असं दिसलं तर थांबून विचारा, कॅनेडियन केनेल क्लब की कॉन्टिनेन्टल केनेल क्लब? आद्याक्षरं तीच, संस्था दोन. कॅनेडियन क्लबची वंशावळ एकेसी मानते, कॉन्टिनेन्टलची मानत नाही. पैसे दिल्यावर हा प्रश्न विचारून काही उपयोग नसतो.

नोंदणी कशी होते

सुरुवात ब्रीडरकडून होते. पिल्लं झाली की तो आख्ख्या वेताची नोंद करतो. त्यासाठी आई आणि बाप दोघंही एकेसीकडे नोंदलेले असावे लागतात. वेताची नोंद झाली की प्रत्येक पिल्लाचा स्वतंत्र अर्ज ब्रीडरच्या हाती येतो. तोच अर्ज पिल्लासोबत तुम्हाला मिळायला हवा. 'नंतर पोस्टाने पाठवतो' ह्या वाक्यावर मी तरी आता विश्वास ठेवणार नाही.

त्या अर्जात ब्रीडरने नर की मादी, रंग, मालकाचं नाव आणि विक्रीची तारीख भरून सही केलेली असते. तुमच्या वाट्याला कुत्र्याचं नाव, तुमचा पत्ता आणि फी एवढंच येतं. हे ऑनलाइनही करता येतं. नवरा-बायको दोघांची नावं मालक म्हणून घालता येतात. अर्ज लवकर करा, रेंगाळलात तर वाढीव फी बसते. आधीच नोंदलेला मोठा कुत्रा घेत असाल तर अर्ज वेगळा: जुन्या मालकाच्या प्रमाणपत्रावर हस्तांतराचा भाग असतो, त्यावर त्याची सही घेऊन ते क्लबकडे पाठवायचं.

नावाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आपली गंमत तिथेच होते. नोंदणीचं नाव ५० अक्षरांपर्यंत जाऊ शकतं आणि त्यात मोकळ्या जागाही मोजल्या जातात. लिपी रोमनच. 'चॅम्पियन' किंवा 'केनेल' असले शब्द चालत नाहीत. बरेच ब्रीडर आपल्या केनेलचं नाव पुढे लावायची अट करारातच घालतात, त्यामुळे कागदोपत्री कुत्र्याचं नाव एखाद्या संस्थानिकासारखं लांबलचक होतं आणि घरात ती गुंडीच राहते. एकदा नोंदलेलं नाव बदलणं कटकटीचं असतं, तेव्हा स्पेलिंग दोनदा वाचा.

अर्जासोबत ब्रीडरकडून आणखी काही कागद मागून घ्या: विक्रीचा करार, लसींची नोंद, मायक्रोचिपचा नंबर आणि आई-बापाच्या आरोग्य तपासण्या. ह्या शेवटच्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. कॉर्गीत खुब्याचे सांधे, डोळे आणि डीजनरेटिव्ह मायलोपथी हा मागचे पाय हळूहळू लुळे करणारा आजार, ह्या तिन्हींकडे बघायलाच हवं. मायलोपथीशी निगडित जनुकाची चाचणी होते. ओएफए (ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स) ह्या आरोग्य तपासण्यांचे निकाल ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर आई-बापाचं नोंदणीचं नाव टाकलं की तिथे नोंदवलेले निकाल दिसतात. एकेसीचा कागद आरोग्याची हमी देत नाही. पिल्लाचे आई-बाप कोण, एवढंच तो सांगतो आणि क्लबही तसंच म्हणतो.

ती खूण: फुल की लिमिटेड

अर्जावर ब्रीडर 'फुल' किंवा 'लिमिटेड' नोंदणी यांपैकी एकावर खूण करतो. आमच्या कागदावर ती 'लिमिटेड'वर होती. 'फुल' असेल तर कुत्रा शोच्या मुख्य रिंगणात उतरू शकतो आणि त्याच्या पिल्लांची नोंद होऊ शकते. 'लिमिटेड' असेल तर कुत्रा नोंदलेला असतो, प्रमाणपत्र येतं, नंबर येतो, पण पिल्लांची नोंद होत नाही आणि कॉन्फर्मेशन, म्हणजे बांध्याची आणि रूपाची परीक्षा, त्याला बंद. लिमिटेडचं फुल करायचं असेल तर ते फक्त वेताचा मालक असलेला ब्रीडरच करू शकतो. तुम्ही एकेसीला कितीही फोन करा.

यात ब्रीडरने फसवलं असं समजायचं कारण नाही. घरात पाळायला दिलेल्या पिल्लांपासून कोणीही पैदास करू नये म्हणून चांगले ब्रीडर मुद्दाम लिमिटेड देतात. आणि खरं सांगायचं तर ज्याला पैदास करायची नाही अशा घराचं लिमिटेडने काही अडत नाही. ते का, ते पुढे येईलच.

कागदच नसतील तर

आसरागृहातून आणलेली किंवा कोणीतरी सोडलेली, पण दिसायला अस्सल कॉर्गी असेल तर 'प्युअरब्रेड ऑल्टरनेटिव्ह लिस्टिंग' नावाची सोय आहे, बोलीत पाल (PAL). त्यासाठी नसबंदी झाल्याचा पशुवैद्याचा दाखला, चेहऱ्याचा समोरून आणि उभ्या कुत्र्याचा बाजूने असे रंगीत फोटो, अर्ज आणि फी लागते. फोटो पाहून जात ठरवतात, म्हणून सोफ्यावर लोळणारा फोटो पाठवू नका. पाल नंबरवर कॉन्फर्मेशन सोडून बाकी बहुतेक स्पर्धा खुल्या होतात.

हा कागद कुठे चालत नाही

टाऊनचा परवाना ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे आणि लोक इथे हमखास गोंधळतात. न्यू जर्सीत सात महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला आपल्या म्युनिसिपालिटीचा परवाना लागतो, मग तो एकेसीचा असो की रस्त्यावरून आणलेला. त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला हवा आणि ती लस परवान्याच्या बारापैकी किमान दहा महिने लागू असायला हवी. लस महिन्याभरात संपणार असेल तर क्लार्क परत पाठवतो. नसबंदीचा दाखला सोबत न्या, फी कमी लागते. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथल्या टाऊन किंवा काउंटीला विचारा, नियम जागोजागी वेगळे आहेत.

कायमचं भारतात परतायचं असेल तेव्हाही एकेसीचं प्रमाणपत्र आणि ट्रॉफ्या कोणी विचारत नाही. तिथे रेबीजची लस, सरकारी शिक्क्याचा आरोग्य दाखला आणि भारताच्या पशु विलगीकरण खात्याचं ना-हरकत पत्र ह्यांना किंमत आहे. प्रवेशही मुंबईसारख्या ठरावीक विमानतळांवरूनच मिळतो.

शोच्या मुख्य रिंगणाची पात्रता

फुल नोंदणी, शोच्या दिवशी वय पूर्ण सहा महिने आणि नसबंदी न झालेली, ह्या तीन मूळ अटी. तिसरी ऐकून पुष्कळ लोक चकित होतात. पण ही परीक्षा मुळात पुढच्या पिढीसाठी जनावर निवडण्याची, आपल्याकडच्या जनावरांच्या प्रदर्शनात खिल्लार वळू पाहतात तशी.

प्रत्येक शोची 'प्रीमियम लिस्ट' निघते. त्यात जागा, परीक्षक, फी आणि शेवटची तारीख असते. प्रवेश साधारण अडीच आठवडे आधी बंद होतात, आयत्या वेळी जाऊन नाव देता येत नाही. फॉर्मवर नोंदणीचं पूर्ण नाव, नंबर, जन्मतारीख, ब्रीडर, आई-बाप आणि वर्ग लिहायचा. हे सगळं प्रमाणपत्रावर असतं तसंच्या तसं उतरवा.

रिंगणात कॉर्गीला टेबलावर उभं करतात. परीक्षक दात पाहतो, हातांनी बांधा चाचपतो, मग चालवून बघतो. तो कुत्र्यांची एकमेकांशी तुलना करतो असं वाटतं, पण त्याच्या डोळ्यांसमोर जातीचं लिखित मानक असतं. पेम्ब्रोकची उंची खांद्यापाशी १० ते १२ इंच, वजन नराचं २७ पौंडांच्या आसपास, मादीचं २५. चेहरा कोल्ह्यासारखा हवा आणि लांबीत मुस्कटाचे तीन भाग तर कवटीचे पाच. सोशल मीडियावर लाखभर लाइक मिळवणारी लांब केसांची 'फ्लफी' कॉर्गी ह्या मानकात अतिगंभीर दोषात मोडते आणि केस कापून दोष जात नाही असंही तिथे लिहिलेलं आहे. निळसर ठिपक्यांचा मर्ल रंग कार्डिगनमध्ये चालतो, पेम्ब्रोकमध्ये तो रंगच नाही. 'दुर्मिळ मर्ल पेम्ब्रोक' म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल तर हसून फोन ठेवा. पेम्ब्रोकची शेपूट अमेरिकन मानकाप्रमाणे आखूड कापलेली असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ पासून हौसेखातर शेपूट कापायला बंदी आहे, त्यामुळे तिकडच्या रिंगणात शेपटीवाल्या पेम्ब्रोक दिसतात.

चॅम्पियन व्हायला १५ गुण लागतात. एका शोमध्ये जास्तीत जास्त पाच मिळतात आणि किती मिळणार ते त्या दिवशी किती कुत्र्यांना हरवलं त्यावर ठरतं. तीन किंवा जास्त गुणांच्या विजयाला 'मेजर' म्हणतात. असे दोन मेजर वेगवेगळ्या परीक्षकांकडून हवेत आणि किमान एक गुण तिसऱ्याच कोणाकडून. एकाच परीक्षकाच्या लाडक्या कुत्र्याला किताब मिळू नये म्हणून ही तजवीज. वेस्टमिन्स्टर हा अमेरिकेतला नावाजलेला शो १८७७ पासून भरतो, पण तिथला 'बेस्ट इन शो', म्हणजे सगळ्या जातींतून निवडलेल्या एका कुत्र्याचा किताब, आजवर कुठल्याही कॉर्गीला मिळालेला नाही.

हुशार कुत्र्याचा दुसरा रस्ता

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांच्या प्रसिद्ध क्रमवारीत पेम्ब्रोक ११ व्या स्थानावर आहे, कार्डिगन २६ व्या. ती क्रमवारी आज्ञापालनाच्या स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून केली होती, म्हणजे कुत्रा सांगितलेलं किती लवकर शिकतो एवढंच ती सांगते. न सांगितलेलं तो किती लवकर शिकतो हे घरी कळतं. गुंडी पोळ्यांच्या डब्याचा आवाज तीन दिवसांत ओळखायला लागली आणि खाली पडलेलं तोंडात घ्यायचं नाही हे शिकायला तिला सहा महिने लागले. पोह्यातला कांदा आणि शिऱ्यातले बेदाणे दोन्ही कुत्र्यांना विषारी, त्यामुळे ते शिकवण्यावाचून सुटका नव्हती.

पाहुण्यांच्या पोरांच्या टाचा पकडणं हा वेडेपणा नसून तिचा पिढीजात धंदा आहे. ह्या जातीने शतकानुशतकं गाईंच्या टाचा चावून त्यांना हाकलं, आणि बुटकी असल्यामुळे लाथ डोक्यावरून जात असे. तिला काम दिलं नाही तर ती स्वतः शोधून काढते, आणि तिने शोधलेलं काम आपल्याला आवडत नाही.

म्हणून कॅनाइन गुड सिटिझनपासून सुरुवात करा. दहा कसोट्यांची परीक्षा आहे: अनोळखी माणसाला शांतपणे भेटणं, गर्दीतून सैल दोरीने चालणं, हाक मारली की येणं, तीन मिनिटं मालकाशिवाय राहणं वगैरे. हिला जातीची किंवा कागदांची अट नाही. लसींचा दाखला मात्र जवळ असू द्या. मग रॅली (पाट्यांवरच्या सूचना पाळत चालणं), ओबीडियन्स (आज्ञापालन), ॲजिलिटी (अडथळ्यांची शर्यत), हर्डिंग (गुरं-मेंढ्या हाकणं). लिमिटेड नोंदणी, पाल नंबर, नसबंदी, सगळं इथे चालतं. ॲजिलिटीसाठी वय पंधरा महिने पूर्ण हवं. ११ इंचांपर्यंतच्या कुत्र्याला नेहमीच्या वर्गात उडी ८ इंचांचीच असते, पण कॉर्गीची पाठ लांब आणि जपण्यासारखी, म्हणून आधी वजन उतरवा आणि डॉक्टरांना दाखवा. माजावर आलेल्या मादीला ॲजिलिटीत घेत नाहीत.

आणि आमच्या लेकीचं काय? तिच्यासाठी ज्युनिअर शोमनशिप निघालं. वय ९ पूर्ण आणि १८ च्या आत हवं, कुत्रा स्वतःचा किंवा घरातला हवा. इथे परीक्षा मुलाची होते, कुत्र्याची नाही, म्हणून नसबंदी झालेली गुंडीही चालली. एकेसीकडून मुलाचा ज्युनिअर हँडलर नंबर आधी काढून घ्यावा लागतो आणि तो प्रवेशाच्या फॉर्मवर लिहावा लागतो. पहिल्या खेपेला आम्ही तोच विसरलो होतो.